एका पत्त्यावरची माणसं

नवा कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी राधाकृष्ण सरांनी त्याला हातही लावला नाही. शेजारच्या खुर्चीत बसून, घरी पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयाकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"तू बोल त्याच्याशी," ते सिल्व्हियाला म्हणाले. "आमची ओळख व्हायला वेळ लागेल."

सरांनी नगरच्या एका कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. सिल्व्हिया त्यांच्या वर्गात कधी बसली नव्हती. ती बी.एस्सी. झाली तोवर सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. पण गेलं वर्षभर ती सावेडीतल्या त्यांच्या घरी, वाळवून कागदांवर चिकटवलेल्या वनस्पतींच्या नोंदी करायला येत होती, आणि सर तिची ओळख सगळ्यांना 'माझी विद्यार्थिनी' अशीच करून देत.

जुन्या कॉम्प्युटरवरची मेल, फोटो आणि मेलमधले सगळे संपर्क नव्यावर आणायचे होते. सिल्व्हियाने ते काम मन लावून केलं. संपर्कांची एक फाइल करून पेन ड्राइव्हवर घेतली आणि नव्या कॉम्प्युटरवर उघडली. मध्येच नव्या प्रोग्रॅमने विचारलं, 'काही संपर्क एकापेक्षा जास्त वेळा आढळले. एकत्र करायचे का?' एकाच गोष्टीच्या दोन नोंदी सिल्व्हियाला खपत नसत. प्रयोगशाळेत एका बाटलीला दोन चिठ्ठ्या दिसल्या की त्यातली एक खरवडून काढल्याशिवाय तिचा हात दुसऱ्या कामाला वळत नसे. तिने 'हो' दाबलं. यादी छान आटोपशीर झाली. मग त्या आटोपशीर यादीची प्रत तिने पुन्हा पेन ड्राइव्हवर ठेवली, त्याच नावाने, जुन्या फाइलच्या जागी. जुना कॉम्प्युटर दुकानदार बदल्यात घेऊन गेला आणि पुसून साफ करून कुणाला तरी विकून मोकळा झाला.

काय झालंय ते कळलं सप्टेंबरात.

"एक माणूस शोधायचाय," सर त्या सकाळी म्हणाले. "कारवीवाला."

कारवी सिल्व्हियाला माहीत होती. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पुरुषभर वाढणारं हे झुडूप सहा वर्षं नुसतं हिरवं राहतं, सातव्या वर्षी सगळं मिळून एकदम फुलतं, बी टाकतं आणि मरतं. डोंगरच्या डोंगर एकाच वर्षी जांभळा होतो. सरांनी त्या भागातल्या वाड्यावाड्यांतून पायपीट करून लोकांना सांगून ठेवलं होतं की तुमच्याकडची कारवी फुलली की मला कळवा. लोक कळवायचेही. त्यावरून सर कुठला उतार कुठल्या वर्षी फुलतो याचा नकाशा करत होते.

"पण कारवी तर पुढच्या वर्षी फुलायची आहे ना, सर?"

"सगळीकडची. एक उतार सोडून." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "सात वर्षांपूर्वी एक मेल आला होता. बाकीचा डोंगर फुलायच्या आदल्या वर्षी. वाच बरं."

तिने शोधला. मेल होता. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं 'कारभारी' आणि खाली मजकूर दोन ओळींचा: 'सर, तुम्ही विचारलेली कारवी आमच्या उताराला फुलली आहे. बाकी डोंगर अजून हिरवाच आहे.'

"त्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, जाता आलं नाही," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी सगळा डोंगर फुलला आणि हा उतार तेवढा कुणी पाहिला नाही. आता बघ, तो मेल खरा असेल, तर त्या उताराचं वर्ष हे आहे. आत्ता, या महिन्यात. आणखी दोन-तीन आठवडे फुलं राहतील. मग पुन्हा सात वर्षं. तेव्हा मी त्र्याऐंशीचा असेन."

शेवटचं वाक्य त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

"मग कारभारींना विचारू या," सिल्व्हिया म्हणाली.

"हा मेल कारभारींचा नाही. त्यांचा उतार बाकीच्या डोंगराबरोबरच फुलतो."

"पण सर, पत्ता त्यांचाच आहे."

"अगं, त्या पत्त्यावरून अर्धा डोंगर मेल करायचा," सर म्हणाले. "राजूरच्या बाजारात गोरक्ष म्हणून एकाचं फोटोचं दुकान आहे. फोटो, झेरॉक्स, फॉर्म भरणं. वाड्यांतल्या लोकांकडे कुठले आलेत मेल? बाजाराला आले की गोरक्षला सांगायचे, तो टाइप करायचा. मेल आला की मी दुकानात फोन करून विचारायचो, कोण होतं, कुठली वाडी. मग त्या माणसाची वेगळी नोंद करायचो. नाव, वाडी, उतार कुठल्या दिशेला. डझनभर तरी असतील. तेवढं आठवत बसायला नको म्हणूनच तर लिहून ठेवलं होतं."

सिल्व्हियाने संपर्कांची यादी उघडली. त्या पत्त्यासमोर एकच नोंद होती. नाव, कारभारी. शेरा, 'खालची वाडी, विहिरीजवळ, उतार पश्चिमेला.' डझनभर माणसांचा पत्ता एकच होता, म्हणून कॉम्प्युटरला ती सगळी मिळून एकच माणूस वाटली होती. त्याने त्यातलं एक नाव ठेवलं आणि बाकीची टाकून दिली. तिच्याच परवानगीने.

तिने ते सरांना सांगितलं. काही न लपवता, 'हो' कुठे दाबलं आणि जुनी फाइल कशी गेली ते क्रमाने सांगितलं. सरांनी चष्मा पुसून ती एकच नोंद पुन्हा वाचली.

"म्हणजे त्याच्या मते पत्ता एक तर माणूस एक," ते शेवटी म्हणाले. "कुटुंब ठरवायची त्याची पद्धत अगदीच कच्ची आहे."

ते रागावले असते तर सिल्व्हियाला सोपं गेलं असतं.

तिने त्याच पत्त्यावर मेल केला. 'कारभारी यांस, आपल्याकडे या वर्षी कारवी फुलली आहे का?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कोणते कारभारी? इथे चार आहेत. दुकानाचा नंबर बदलला आहे.' खाली नवा नंबर होता. तिने लगेच लावला.

"गोरक्ष बोलतोय," पलीकडून आवाज आला. मागे झेरॉक्स मशीनची घरघर चालू होती. तिने सगळी हकीकत सांगितली. ती संपेपर्यंत त्याची तीन गिऱ्हाइकं झाली असावीत.

"ताई, सात वर्षांमागं कोन आलं हुतं ते मला कसं आठवायचं? मला काल कोन आलं हुतं ते आठवत न्हाई. माझा बी कॉम्प्युटर दोनदा बदलला. तुमचं निदान एक कारभारी तरी ऱ्हायलं, माझं तर तेबी न्हाई."

"विहिरीजवळचे कारभारी, खालच्या वाडीचे. त्यांची कारवी फुललीये का, एवढं तरी?"

"त्यांचं पोरगं आत्ताच हितं येऊन गेलं. गच्च हिरवी हाय म्हनला. तुमी असं करा, बाजाराच्या दिवशी या. सगळा डोंगर दुकानापुढं उभा असतो."

सिल्व्हियाची मार्थामावशी संगमनेरला शिक्षिका होती. बाजाराच्या आदल्या दिवशी सिल्व्हिया तिच्याकडे मुक्कामाला गेली आणि सकाळच्या एसटीने राजूर गाठलं. वाटेत खिडकीतून डोंगर दिसायला लागले तशी ती प्रत्येक उतारावर जांभळा रंग शोधत राहिली. सगळीकडे नुसता हिरवा होता, आणि त्या हिरव्याच्याही किती तरी छटा होत्या. एकच झुडूप, एकच डोंगर, एकच पाऊस. मग एका उताराने आपलं वेगळं वर्ष कसं धरलं असेल? आणि तो एक वर्ष लवकर फुलतो म्हणायचं, की सहा वर्षं उशिरा? दोन्हीकडून गणित सारखंच जुळत होतं.

गोरक्षचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. पुढे पत्र्याची शेड, त्यात काउंटर, काउंटरवर कॉम्प्युटर आणि लॅमिनेशनचं यंत्र. मागे फोटो काढायची अंधारी खोली. गोरक्ष चाळिशीचा, अंगाने भरलेला आणि सतत दोन माणसांशी एकाच वेळी बोलणारा. त्याने सिल्व्हियाला काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल दिलं आणि तिची ओळख करून दिली ती अशी: "ह्या नगरच्या ताई. ह्यांच्या कॉम्प्युटरनं तुमा सगळ्यांचा एक मानूस केलाय."

फॉर्म घेऊन उभे असलेले लोक हसले. एकाने विचारलं, "मंग रेशन कुनाच्या नावावर?"

"सात वर्षांपूर्वी कारवी फुलल्याचा मेल इथून कुणी केला होता का?" सिल्व्हियाने विचारलं.

"मेल म्हंजी?"

"फारम असंल."

"मी आधारला आल्तो त्या साली," एक म्हातारा म्हणाला. "माझं बोट उठत नव्हतं."

मग बोटं न उठण्याबद्दल बरंच बोलणं झालं. सिल्व्हियाने प्रश्न बदलला. यंदा कुणाच्या उताराला कारवी फुललीये का? सगळ्यांचं एकच उत्तर, पुढल्या साली. कुणी पाहिलंय का? पाहायचं काय त्यात, पुढल्या साली म्हणजे पुढल्या साली. आपापल्या वाडीपुरतं प्रत्येकाचं बरोबरच होतं. पावसाळ्यात भाताची कामं सोडून दुसऱ्याच्या वाडीचा उतार बघायला कोण जाणार?

दुपार झाली. गोरक्षने चहा मागवला. सिल्व्हिया स्टूल मागे सरकवून भिंतीला टेकली, तर पाठीला काही तरी टोचलं. तिने वळून पाहिलं. मागच्या खोलीची ही भिंत विटांची नव्हती. काठ्या एकीला एक लावून बांधलेल्या आणि वरून मातीशेणाने लिंपलेल्या. एका ठिकाणी लिंपण सुटलं होतं आणि आतल्या काठ्या दिसत होत्या. सरळ, अंगठ्याएवढ्या जाड, पेरापेरांवर फुगलेल्या. असाच एक वाळका तुकडा सरांच्या कपाटात होता. त्याची चिठ्ठी तिनेच नव्याने लिहिली होती.

"ही कारवी आहे?"

"व्हय. कुडाची भिंत," गोरक्ष म्हणाला. "विटांपेक्षा गार ऱ्हाती. आता पडाया झालीये. पुढल्या साली कारवी फुलली का त्याच्या उन्हाळ्यात काठ्या आनायच्या आन् नवी करायची."

"फुलल्यावरच का? आत्ता तोडून नाही चालत?"

"हिरवी काठी वाळली का वाकती. फुलून आपसूक मेलेली पायजे, ती टनक. आमच्यात सगळे तवाच भिंती करत्यात. गोठ्याच्या, कुंपनाच्या. सात वर्सांनी एकदा."

सिल्व्हियाने चहाचा कप खाली ठेवला.

"ही भिंत कधी केलीत?"

"मागची खोली वाढवली तवा. माझं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात." त्याने बोटांवर मोजलं आणि वर्ष सांगितलं. सिल्व्हियानेही मनात मोजलं. सगळा डोंगर फुलला तो त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात. म्हणजे ही खोली बांधली तेव्हा डोंगरात एकही कारवी फुलून मेलेली नव्हती. असायला नको होती.

"गोरक्षभाऊ, त्या उन्हाळ्यात तुम्हाला वाळलेली कारवी मिळाली कुठून?"

गोरक्ष थांबला. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, "ओ मावशी, त्या साली कारवी कुनाकडं हुती गं? मला खोलीची घाई हुती, सगळे म्हनत हुते एक साल दम धर."

"कुंडाची वाडी," बाई फॉर्मवरून नजर न उचलता म्हणाली.

"व्हय, कुंडाच्या वाडीची लोकं," दुसऱ्या कुणी तरी भर घातली. "लई भाव खात हुती त्या उन्हाळ्यात. सगळ्यांचे गोठे गळाया लागले आन् हे नव्या भिंती लिंपून बसले. माझा मेव्हना काठ्या मागाया गेल्ता, त्याला जेवू घातलं पन काठ्या न्हाई दिल्या."

"मला दिल्या की," गोरक्ष म्हणाला. "वाडीतल्या सगळ्यांचे फोटो काढून दिले तवा. शेळ्यांचे सुदिक."

मेल कुणाला आठवत नव्हता. काठ्या सगळ्यांना आठवत होत्या. सिल्व्हियाने बॅग उचलली.

"कुंडाच्या वाडीला कसं जायचं?"

गोरक्षने तिला आदिनाथच्या जीपमध्ये बसवून दिलं. तिच्यासोबत आणखी बारा माणसं, तेलाचे डबे आणि एक शिलाई मशीन होतं. धरणाच्या रस्त्याने जीप तासभर चढली. एका फाट्यावर आदिनाथने हात करून पायवाट दाखवली. "सरळ जावा. कुत्रं भुंकंल, चावत न्हाई. परत येताना हितंच थांबा, मी चारला खाली जातो."

कुत्रं भुंकलं. त्याच्यामागून एक म्हातारी आली. हातात काठी, काठीच्या धाकाने चालणाऱ्या चार शेळ्या. तिचं नाव ठकूबाई. सिल्व्हियाने आपण नगरहून आलो, कारवीसाठी आलो, एवढंच सांगितलं, आणि ठकूबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं.

"सर न्हाई आले?"

"तुम्ही सरांना ओळखता, आजी?"

"आल्ते की एकदा. टोपीवाले. हितंच बसून भाकर खाल्ली. म्हनले फुलली का कळवा. मी कळवलं. मंग न्हाई आले."

"तो मेल तुम्ही केला होता?"

"मी सांगितलं गोरक्षला. त्यानं लिवलं."

"त्यात तुमचं नाव नव्हतं, आजी. वाडीचंही नव्हतं. आम्ही किती शोधलं. नाव का नाही सांगितलंत?"

ठकूबाईला प्रश्नच समजला नाही. "गोरक्षला ठावं हाय की माझं नाव."

समोरासमोर उभं राहून आपलं नाव कोण सांगतं? ठकूबाई काउंटरपाशी उभी राहून बोलली, आणि गोरक्षने ती जे बोलली तेवढंच टाइप केलं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं.

"सरांचे पाय दुखतात, म्हणून मला पाठवलंय," ती म्हणाली. "फुललीये का यंदा?"

"आता चल, तूच बघ," ठकूबाई म्हणाली आणि शेळ्यांच्या मागून चढायला लागली.

वाट भाताच्या खाचरांच्या बांधावरून गेली, मग दगडांतून. चढ छातीवर होता. ठकूबाई बोलत होती, सुनेबद्दल, आलेल्या आणि न आलेल्या घरकुलाबद्दल, बिबट्याने नेलेल्या शेळीच्या पाटीबद्दल, आणि तिला एकदाही दम लागला नाही. सिल्व्हिया ऐकत होती आणि मान वर करून बघत होती. हिरवंच. पुन्हा हिरवंच. तिच्या मनात आलं, सात वर्षांपूर्वी एकदाच असं झालं असेल तर? एखाद्या साली काही बिनसलं आणि उतार चुकून फुलला, असंही असू शकतं. एका नोंदीवरून नियम काढता येत नाही, दुसरी लागते. ती दुसरी नोंद त्या वळणापलीकडे असेल किंवा नसेल.

आधी आवाज आला. दूर कुठे तरी मोटार चालू असावी तसा, सलग. ठकूबाई म्हणाली, "माश्या."

वळण संपलं आणि समोरचा उतार जांभळा होता. फिकट, निळसर, मध्येच गडद, पार कड्यापर्यंत. झुडपं डोक्याच्या वर गेलेली, आणि एकेका कणसावर घंटेसारखी फुलं, त्यांत मधमाश्या अशा घुसत होत्या की फूल हलायचं आणि माशी दिसायची नाही. वास गोडसर आणि जरा उग्र होता. हाताला चिकटपणा लागत होता. आणि ओढ्याच्या पलीकडचा उतार, हाकेच्या अंतरावरचा, तीच झुडपं, तीच उंची, पूर्ण हिरवा. एक कळीसुद्धा नाही.

सिल्व्हिया ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, तिथली पानं पाहिली, परत आली. झाड तेच होतं. तिने दोन्हीकडचे फोटो घेतले, फुलांचे, कणसांचे, कड्याचे, मधल्या ओढ्याचे. दिशा पाहिली, ईशान्य. माती चिमटीत घेऊन पाहिली.

"हे असं कधीपासून आहे, आजी? नेहमीच एक साल आधी?"

"मी नांदाया आले तवापासनं. सासू म्हनायची, आमची कारवी उतावळी."

"का पण?"

"ते तू सांग. तू शिकलीयेस," ठकूबाई म्हणाली आणि हसली. तिलाही ते जाणून घ्यायचं होतं, हे सिल्व्हियाच्या लक्षात आलं, कारण थोड्या वेळाने तिने स्वतःच विषय काढला. "मला वाटतं, मधला वढा हाय म्हनून. बी पलीकडं जात न्हाई. पन मंग पहिल्यांदी वेगळं कसं झालं, ते न्हाई उमगत."

"मलाही नाही," सिल्व्हिया म्हणाली. दोघी तिथेच दगडावर बसल्या आणि थोडा वेळ त्याचाच विचार करत राहिल्या. शेळ्यांना फुलांत काही रस नव्हता.

चारच्या जीपने ती खाली आली. सरांना कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं, पण वरती रेंज नव्हती आणि रेंज आली तेव्हा फोटो काढून काढून फोनने मान टाकलेली. बाजार उठत होता. गोरक्षच्या दुकानात आता गर्दी नव्हती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलंच नाही, फक्त फोन घेऊन चार्जरला लावला.

"तो चालू व्हायला वेळ लागंल," तो म्हणाला. "तवर मेल करायचा का सरांना? तुमी सांगा, मी लिवतो."

सिल्व्हिया काउंटरला टेकून उभी राहिली. "लिहा. सर, उतार सापडला. पूर्ण फुललाय. ओढ्यापलीकडचा डोंगर हिरवाच आहे. मेल खरा होता."

गोरक्षची बोटं भराभर चालली. त्याने बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकला. एसटीला अजून अवकाश होता. सिल्व्हिया मागच्या भिंतीजवळ गेली आणि लिंपण सुटलेल्या जागी बोट फिरवून काठ्यांची पेरं मोजायला लागली. एका पेराला एक वर्ष धरता येईल का, असा तिला प्रश्न पडला होता.

"आलं उत्तर," गोरक्ष म्हणाला. मग तो वाचायचा थांबला. हसून त्याचं पोट हलायला लागलं. "ताई, हे तुमीच वाचा."

ती काउंटरपाशी आली आणि स्क्रीनवर वाकली.

'कारभारी यांस सप्रेम नमस्कार. आपला निरोप वाचून फार आनंद झाला. मात्र हा उतार कुठल्या वाडीचा, कुठल्या दिशेचा आणि प्रथम कुणी पाहिला, ते आपण लिहिलेले नाही. कृपया कळवावे. माझी विद्यार्थिनी सिल्व्हिया आज राजूरलाच आली आहे. गोरक्ष यांच्या दुकानात ती आपणास भेटेल. तिला कृपया तो उतार दाखवावा. मुलगी हुशार आहे, पण डोंगराची सवय नाही, सांभाळून न्यावे.'

सिल्व्हियाने ते दोनदा वाचलं. मग ती इतकी हसली की बाहेर पालं आवरणाऱ्या भाजीवाल्याने आत डोकावून पाहिलं.

"नाव सांगायचं ऱ्हायलं व्हय?" गोरक्ष म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक आहे की माझं नाव."

"मला ठावं हाय. सरांच्या कॉम्प्युटरला न्हाई." त्याने पुन्हा बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा आता, काय लिवू?"

ती बोलायला गेली आणि थांबली. काउंटरवर गोरक्षचं पेन होतं, ते तिने उगाच उचललं आणि परत ठेवलं.

"आधी लिहा, ठकूबाई," ती म्हणाली. "कुंडाची वाडी. उतार ईशान्येला. ते झालं की मग माझं."